रनिंग बॅक वरच्या पिकला घेणं परवडतं का? (जेन्टी, बार्कली आणि इतर)

पाथरवट | २५ एप्रिल २०२५, सकाळी ९:१०

काल रात्री ग्रीन बेमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडण्याची, पहिली फेरी झाली आणि रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर (या पाळीलाच पिक म्हणतात) बॉइसी स्टेटचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, ॲश्टन जेन्टी घेतला. मुलगा अफाट आहे, त्याबद्दल दुमत नाही. मागच्या मोसमात ३७४ वेळा चेंडू घेऊन तो २,६०१ यार्ड धावला. बॅरी सँडर्सचा १९८८ सालचा २,६२८ यार्डांचा विक्रम जेमतेम २७ यार्डांनी वाचला. (सँडर्सनी ते कमी सामन्यांत केलं होतं, हेही सांगायला हवं.) पाडायला आलेला पहिला खेळाडू अंगावर घेऊन त्यातून निसटणं हे जेन्टीइतक्या सहजपणे करणारा खेळाडू मी गेल्या काही वर्षांत तरी पाहिलेला नाही.

तरीही सहावा पिक रनिंग बॅकवर खर्च करणं रेडर्सना परवडणारं नाही, असं माझं ठाम मत आहे. जेन्टी चांगला खेळेल की नाही, ही शंका मला नाही. त्याच्या उमेदीच्या वर्षांचं पीक कोण खाणार, हा माझा प्रश्न आहे. पेरणारा संघ एक आणि कापणी करणारा दुसरा, असं या जागेबाबत पुन्हा पुन्हा झालंय.

मी राहतो न्यू जर्सीत आणि जीव जायंट्समध्ये अडकलेला, त्यामुळे साक्वॉन बार्कलीचं उदाहरण देणारच. २०१८ला दुसऱ्या क्रमांकावर घेतला. पहिल्याच मोसमात धावून आणि झेलून मिळून २,०२८ यार्ड, सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार. संघ? ५ विजय, ११ पराभव. मग १४ सप्टेंबर २०२०चा स्टीलर्सविरुद्धचा सामना आठवा. बार्कलीच्या हातात चेंडू १५ वेळा दिला आणि त्यातून निघाले एकूण ६ यार्ड. चेंडू हातात पडायच्या आत समोरचे दोघे-तिघे त्याच्या अंगावर असायचे, कारण त्यांना अडवणारी लाइन (पुढच्या फळीतले खेळाडू) आमच्याकडे नव्हतीच. पुढच्याच आठवड्यात शिकागोत त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि मोसम संपला. सहा मोसमांत प्लेऑफ एकदाच. २०२३ला त्याला टॅग (करार संपलेल्या खेळाडूला संघाने एक वर्ष रोखून धरायची सोय) लावून अडकवून ठेवला आणि २०२४ला मोकळा सोडला. तो गेला फिलाडेल्फियाला. तिथे पहिल्याच वर्षी २,००५ यार्ड आणि सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद.

माणूस तोच, पाय तेच. जायंट्समधल्या शेवटच्या मोसमात दर धावेला ३.९ यार्ड, ईगल्समध्ये ५.८.

आता रेडर्सचंच बघा. २०१९ला त्यांनी २४ व्या पिकला जोश जेकब्स घेतला. २०२२ला तो १,६५३ यार्डांसह सगळ्या लीगमध्ये पहिला आला आणि त्या वर्षी संघ ६-११. पुढे टॅग, मग तो पॅकर्सकडे निघून गेला, आणि २०२४ला धावण्यात रेडर्स ३२ संघांत शेवटचे. तेच दुखणं, पुन्हा तेच औषध, आणि या खेपेला कितीतरी महाग. जेन्टीच्या पाठोपाठ सातव्या क्रमांकाला जेट्सनी आर्मंड मेंबू हा टॅकल (लाइनमधला, अडवणारा खेळाडू) घेतला, नवव्याला सेंट्सनी केल्विन बँक्स. दोघेही रेडर्सना मिळू शकत होते.

तुम्हाला काय वाटतं? फँटसी लीगचा हिशेब इथे नको, तो वेगळाच आहे.

कोथरूडकर | २५ एप्रिल २०२५, सकाळी ९:४२

मी पुण्यातून पहाटे साडेपाचला उठून पाहिलं. एक मूलभूत शंका आहे. महाग-महाग म्हणता, पण इथे आयपीएलसारखी बोली तर लागत नाही. ज्याचा नंबर त्याने खेळाडू उचलायचा. मग रनिंग बॅक "महाग" कसा पडतो?

अंकलिपी | २५ एप्रिल २०२५, सकाळी १०:३०

कोथरूडकर, बोली लागत नाही हीच खरी मेख आहे. लीग आणि खेळाडूंच्या २०११च्या करारापासून नवख्या खेळाडूचा पगार पिकच्या क्रमांकावरून ठरतो. तो कोणत्या जागेवर खेळतो याला काहीच किंमत नाही. सहाव्या पिकला यंदा चार वर्षांचे मिळून साधारण ३ कोटी ६० लाख डॉलर, म्हणजे वर्षाला ९० लाख. टॅकल घ्या, रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) घ्या, रनिंग बॅक घ्या, आकडा तोच.

आता बाजारभाव बघा. मार्चमध्ये बार्कलीने नवा करार केला, वर्षाला २ कोटी ६ लाख. रनिंग बॅकमध्ये यापेक्षा जास्त कोणालाच नाही. रिसीव्हर जमार चेसला वर्षाला ४ कोटींच्या वर. बचावातल्या माइल्स गॅरेटला ४ कोटी, खुद्द रेडर्सच्या मॅक्स क्रॉस्बीला साडेतीन कोटींच्या वर. टॅकल ट्रिस्टन वर्फ्सला २ कोटी ८१ लाख.

म्हणजे समजा जेन्टी देशातला सर्वोत्तम रनिंग बॅक झाला, तर संघाचे वर्षाला वाचतील १ कोटी १६ लाख. त्याच पिकवर घेतलेला रिसीव्हर सर्वोत्तम झाला तर वाचतील ३ कोटींच्या वर. आणि हे पैसे कागदावरचे नाहीत. यंदा प्रत्येक संघाला पगारांसाठी २७ कोटी ९२ लाखांची मर्यादा आहे, वाचलेल्या पैशातून दुसरे दोन चांगले खेळाडू येतात. वरच्या पिकची खरी कमाई ही आहे, आणि रनिंग बॅकमध्ये ती सगळ्यात कमी. जेन्टी एकही डाव खेळण्याआधीच त्याच्या जागेवरच्या सगळ्यात महागड्या दहाएक खेळाडूंच्या आसपास पोचलाय.

सातपुडा | २५ एप्रिल २०२५, सकाळी ११:०५

मी रेडर्स ओकलंडला असल्यापासून त्यांच्यामागे आहे, आता राहायलाही व्हेगासमध्येच. माझं ऐकून घ्या.

अंकलिपींचा हिशेब "समजा सर्वोत्तम झाला" यावर उभा आहे. पण होतो का? २०१७ला दुसऱ्या पिकला ट्रुबिस्की, २०१८ला दहाव्याला जोश रोझन, २०२१ला दुसऱ्याला झॅक विल्सन. तिघेही क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे), तिन्ही पिक पाण्यात. आता २०१५पासून पहिल्या दहात गेलेले रनिंग बॅक मोजा: गर्ली, एलियट, फोर्नेट, मॅकॅफ्री, बार्कली, बिजान रॉबिन्सन. सहाच्या सहा जणांनी कधी ना कधी हजार यार्डांचा मोसम दिला. चार विजय मिळवणाऱ्या संघाला खात्रीचा माणूस हवा असतो. आम्हाला पुन्हा जुगार खेळायचा नव्हता.

आणि आता प्रशिक्षक पीट कॅरल आहेत. सिॲटलला त्यांनी मार्शॉन लिंचच्या जोरावर सुपर बोल जिंकला. जिनो स्मिथ आला आहे, ब्रॉक बावर्सने पहिल्याच वर्षी ११२ झेल घेतलेत. आम्ही २०२२चे रेडर्स नाही.

पाथरवट | २५ एप्रिल २०२५, सकाळी ११:३८

सातपुडा, तुमची तळमळ समजते. पण तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत.

लिंचला ड्राफ्ट कोणी केलं? २००७ला बफेलोने, १२ व्या पिकला. तिथे त्याच्या पहिल्या दोन्ही मोसमांत हजार यार्ड झाले, पण संघ कुठेच पोचला नाही. २०१०ला कॅरलनी त्याला चौथ्या फेरीचा एक पिक आणि आणखी एक खालचा पिक देऊन आणला. कॅरलनी स्वतः लिंचसाठी पहिल्या फेरीला हात लावला नव्हता.

आणि तुमचे ते सहा जण घ्या. ज्या संघाने ड्राफ्ट केलं त्या संघाबरोबर सुपर बोल किती जणांनी जिंकला? एकानेही नाही. विजेत्यांची अंगठी मिळाली दोघांना, फोर्नेटला टँपामध्ये आणि बार्कलीला फिलाडेल्फियात. जॅक्सनव्हिलने २०१७ला चौथ्या पिकला फोर्नेट घेतला, त्याच ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक महोम्स दहाव्याला गेला. तीन वर्षांत फोर्नेटला सोडूनही दिलं.

जुनं बघायचं तर मार्शल फॉक. कोल्ट्सनी १९९४ला दुसऱ्या पिकला घेतला, १९९९ला रॅम्सनी दुसऱ्या आणि पाचव्या फेरीचे पिक देऊन नेला आणि त्याच मोसमात सुपर बोल जिंकला.

अंकलिपी | २५ एप्रिल २०२५, दुपारी १२:१५

पाथरवट, इथे मात्र थांबा. पहिल्या दहात पिक मिळतो तोच मुळी संघ वाईट असतो म्हणून. वाईट संघाने घेतलेला कोणताही खेळाडू बहुधा सुपर बोल जिंकत नाही. त्यामुळे "सहापैकी शून्य" हा आकडा दिसतो तेवढा बोलका नाही. निष्कर्ष मला मान्य आहे, पुरावा तेवढा मान्य नाही. यापेक्षा चांगला पुरावा म्हणजे जिंकणाऱ्या संघांचे रनिंग बॅक कुठून आले ते. चीफ्सचा पचेको २०२२चा सातव्या फेरीतला, २५१ वा पिक, दोन वर्षांत दोन सुपर बोल. २०१६ला पेट्रियट्सचा ब्लाउंट कोणी ड्राफ्टच केलेला नव्हता, आणि जादा वेळेत जिंकून देणारा जेम्स व्हाइट चौथ्या फेरीतला. २०१५ला ब्राँकोजचा सी. जे. अँडरसनही ड्राफ्टबाहेरचाच.

मृण्मयी_अ | २५ एप्रिल २०२५, दुपारी १:५०

अटलांटाहून. बिजानचं नाव निघालंय म्हणून लिहिते.

बिजान चेंडू घेऊन बाजूला सरकतो तेव्हा समोरचा खेळाडू आधीच्या जागी वाकलेला असतो आणि बिजान तिथे नसतो. दर रविवारी हे बघायला मिळतं आणि मला ते कशाच्याही बदल्यात द्यायचं नाही. २०२४ला १,४५६ यार्ड. पण २०२३च्या ड्राफ्टच्या रात्रीची रुखरुख आजही आहे. आमच्याकडे टायलर अल्जीयर होता, पाचव्या फेरीतला, आदल्याच वर्षी १,०३५ यार्ड धावलेला. रनिंग बॅकची जागा भरलेली होती. भोक होतं बचावात. आम्ही आठव्याला बिजान घेतला आणि नवव्याला ईगल्सनी वर सरकून बचावातला जेलन कार्टर नेला.

काल रात्रीचं बघितलंत ना? फाल्कन्सनी १५ व्याला जेलन वॉकर घेतला आणि मग जेम्स पिअर्ससाठी पुन्हा पहिल्या फेरीत यायला २०२६चा पहिल्या फेरीचा पिक रॅम्सना दिला. दोघेही क्वार्टरबॅकला गाठणारे. बिजानची किंमत आठव्या पिकवर संपली नाही, ती आम्ही अजून फेडतोय.

तरी एक सांगते. ८ विजय, ९ पराभवांवर राहिलो त्याचा दोष बिजानला देऊ नका. २०२४ला क्वार्टरबॅक कझिन्सशी चार वर्षांचा १८ कोटींचा करार केला आणि महिन्या-दीड महिन्याने आठव्याच पिकला पेनिक्स हाही क्वार्टरबॅकच घेतला. घोळ तिथे आहे.

वैनतेय | २५ एप्रिल २०२५, दुपारी ३:२०

फिलाडेल्फियाची बाजू मांडतो.

१९ जानेवारीचा रॅम्सविरुद्धचा सामना मी मैदानात बसून पाहिला. उत्तरार्धात बर्फ इतका वाढला की मैदानावरच्या रेषा झाकून गेल्या, माणसं फावडी घेऊन त्या मोकळ्या करत होती. शेवटच्या पाच मिनिटांच्या आसपास बार्कलीच्या हातात चेंडू आला. लाइनने समोरचे सगळे एका बाजूला ढकललेले, मध्ये दार उघडावं तशी फट. तो त्यातून निघाला आणि ७८ यार्ड कोणाचाही हात न लागता गेला. त्या दिवशी एकूण २०५ यार्ड. माझ्या शेजारचे आजोबा रडत होते.

पण ती फट कोणी पाडली? लेन जॉन्सन, २०१३चा चौथा पिक. जॉर्डन मायलाटा, सिडनीचा रग्बी खेळाडू, ड्राफ्ट होईपर्यंत अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला, २०१८चा २३३ वा पिक. त्याला घडवला लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी. आम्ही वरचा पिक लाइनवर खर्च केला, वर्षानुवर्षं माणसं घडवली आणि सगळं बसल्यावर बार्कलीला आणलं. तीन वर्षांचे पावणेचार कोटी डॉलर, आणि पिक एकही दिला नाही.

क्रम महत्त्वाचा आहे हो. आधी लाइन.

शमी | २५ एप्रिल २०२५, संध्याकाळी ५:०५

वैनतेय +१.

पण डेट्रॉइटचं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून. जमीर गिब्स, २०२३, १२ वा पिक. तेव्हा सगळ्यांनी लायन्सना नावं ठेवली होती. २०२४ला गिब्सचे १,४१२ यार्ड, एकूण २० टचडाउन आणि संघ १५-२. आणि ज्याने घेतला त्याच संघाला फळ मिळालं.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, लाइन आधीच होती: डेकर २०१६चा १६ वा, रॅगनाव २०१८चा २० वा, सूएल २०२१चा सातवा. तिघेही पहिल्या फेरीतले. दुसरी, लायन्सकडे खरं तर सहावा पिक होता, जो काल रेडर्सकडे होता तोच क्रमांक. तो त्यांनी ॲरिझोनाला देऊन १२ वर उतरले आणि त्या व्यवहारात ३४ वा पिकही मिळाला. त्यावर सॅम लापोर्टा आला, ज्याने पहिल्याच वर्षी ८६ झेल घेतले. म्हणजे सहाव्याच्या मोलात गिब्स आणि लापोर्टा दोघेही. हवा असेल तर रनिंग बॅक जरूर घ्या, पण असा.

दर्यावर्दी | २५ एप्रिल २०२५, रात्री ८:४०

सगळे अंगठ्याच मोजताय, म्हणून लिहितोय. सॅन डिएगोला मी २००२ला आलो. कोणाला ओळखत नव्हतो, खेळातलं काही कळत नव्हतं. चार्जर्सच्या टॉमलिन्सन या रनिंग बॅकमुळे मी हा खेळ बघायला लागलो. २००६ला ३१ टचडाउन, आजही विक्रम आहे. संघ १४-२ झाला आणि पहिल्याच प्लेऑफमध्ये पेट्रियट्सशी हरला. सुपर बोल कधीच नाही. आता संघही शहरात नाही, २०१७ला लॉस एंजलिसला गेला.

२००१च्या पाचव्या पिकला टॉमलिन्सन घेतला ती चूक होती, असं म्हणणारा सॅन डिएगोचा एक माणूस दाखवा. लोक त्याच्यासाठी येत होते, मुलांच्या पाठीवर २१ नंबर होता. या गोष्टीची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही.

पाथरवट | २५ एप्रिल २०२५, रात्री ९:२५

दर्यावर्दी, बार्कलीचा २६ नंबर माझ्या मुलीच्याही पाठीवर होता. तुमचं म्हणणं मनापासून पटतं. फक्त एक भर घालतो. चार्जर्सकडे २००१ला पहिला पिक होता. तो अटलांटाला देऊन ते पाचव्यावर उतरले. टॉमलिन्सन तर मिळालाच, शिवाय दुसऱ्या फेरीत ड्रू ब्रीझही घेतला. शमींनी सांगितलेल्या लायन्ससारखंच.

उंबरठा | २५ एप्रिल २०२५, रात्री ११:१०

संघांचा नफा-तोटा बराच झाला. खेळाडूचा विचार करा.

रनिंग बॅकची चांगली वर्षं साधारण २१ ते २७. त्यातली चार पहिल्या करारात जातात. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्षही संघाच्या मर्जीवर. वर टॅग. मोकळा होतो तोवर "आता हा झिजलाय" असं ऐकायला मिळतं. २०२३ला बार्कली, जेकब्स, पोलार्ड तिघांनाही टॅग लागला, साधारण एक कोटी डॉलरचा, आणि त्या जुलैत लीगमधल्या बड्या रनिंग बॅकनी ऑनलाइन बैठक घेऊन आपापसांत हे दुःख मांडलं. हाती काही लागलं नाही. पचेकोने दोन सुपर बोल जिंकून दिले आणि त्याच्या पहिल्या कराराचे चार वर्षांचे सगळे मिळून ४० लाख डॉलरही होत नाहीत. त्याच हाडांना तोच मार बसतो.

म्हणून जेन्टीला सहाव्या पिकचे ३ कोटी ६० लाख मिळतायत याचा मला आनंद आहे. या जागेवरच्या मुलाला योग्य वयात योग्य पैसा मिळण्याचा हा एकच रस्ता उरलाय. "रनिंग बॅक खालच्या फेरीत स्वस्तात मिळतात" हे वाक्य आपण फार सहज लिहितो.

मृण्मयी_अ | २५ एप्रिल २०२५, रात्री ११:३२

उंबरठा, पूर्ण अनुमोदन. टॅग किमान या जागेपुरता तरी काढायला हवा.

सातपुडा | २६ एप्रिल २०२५, सकाळी ८:१५

दुसरी-तिसरी फेरी झाली. रेडर्सनी ३७ वरून ४८ आणि तिथून ५८ वर उतरून पिक जमवले आणि ९८ व्याला केलेब रॉजर्स, ९९ व्याला चार्ल्स ग्रँट घेतले. दोघेही लाइनमधले. म्हणजे लाइनकडे लक्ष आहे. डावा टॅकल कोल्टन मिलर आधीपासून आहेच. एवढ्यावर तरी समाधान माना!

वैनतेय | २६ एप्रिल २०२५, सकाळी ९:००

मायलाटा २३३ वा होता, त्यामुळे ९८ आणि ९९ ला मी कमी लेखणार नाही. पण त्याला नियमित उतरवायला आम्हाला दोन वर्षं लागली. जेन्टीची ती दोन वर्षं कशी जातील, एवढीच काळजी.

पाथरवट | २६ एप्रिल २०२५, सकाळी ९:४०

सातपुडा, दिशा योग्य आहे, क्रम उलटा आहे. काल ३६ व्याला ब्राउन्सनी क्विनशॉन जडकिन्स घेतला, ३८ व्याला पेट्रियट्सनी ट्रेव्हेयॉन हेंडरसन. ओहायो स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे दोघे. मधला ३७ वा पिक तुमचाच होता. सहाव्याला मेंबू आणि ३७ व्याला हेंडरसन, अशी जोडी मी घेतली असती. पिकच्या अदलाबदलीसाठी संघ वापरायचे त्या जिमी जॉन्सन यांच्या जुन्या तक्त्यात सहाव्या पिकला १,६०० गुण आहेत आणि ३७ व्याला ५३०. जेन्टी हेंडरसनपेक्षा चांगला आहे, हे मी मान्यच करतो. तिप्पट चांगला आहे का?

सातपुडा | २६ एप्रिल २०२५, सकाळी १०:२०

चौथ्या डावात (शेवटच्या प्रयत्नात) एक यार्ड हवा असेल आणि समोर दोघे उभे असतील, तर हो.

कोथरूडकर | २६ एप्रिल २०२५, सकाळी १०:४५

खूप शिकायला मिळालं, सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो: जेन्टी रेडर्सकडे किती वर्षं नक्की राहील?

अंकलिपी | २६ एप्रिल २०२५, सकाळी ११:३०

चार वर्षं, म्हणजे २०२८च्या मोसमापर्यंत. पाचवं वर्ष घ्यायचं की नाही ते रेडर्सनी मे २०२८पर्यंत ठरवायचं. घेतलं तर २०२९ही त्यांचं. जेन्टीचा जन्म डिसेंबर २००३चा, म्हणजे तेव्हाही तो फक्त २६ वर्षांचा असेल आणि वर टॅग लावायची सोय आहेच. बार्कली जायंट्समधून सुटला तेव्हा २७ पूर्ण होता.